किंचित खाली

टपक्यांच्या बोटीवरचा वायरलेस सेट माझ्या टेबलावर आहे.
ससून डॉकहून माझगावला आला टॅक्सीतून, गोणपाटात,
आत सुक्या बोंबलाचा वास.
"धाकट्याशी बोलतो ठणठणीत," जनार्दन टपके म्हणाले,
"बंदरवालेच ऐकत नाहीत. त्यालाही वशिला लागतो काय आता?"

झाकणाचे स्क्रू गंजलेत. ते मीठ.
पण मीठ बाहेरचं, आणि बाहेरच्यावर
आळ घेणं नेहमीच सोपं.

आतली नखाएवढी पत्र्याची डबी काढते.
तिच्यात गारगोटीची चकती, कागदाइतकी पातळ.
अंधारात एकमेकींवर घासून
आम्ही ठिणग्या पाडायचो तीच गारगोटी,
फक्त नेमक्या कोनात कापलेली,
दोन्ही गालांवर चांदीचा टिकला,
दोन तारांच्या चिमटीत उभी.
वीज मिळाली की तिचे गाल
उलट दिशांना सरकतात,
सेकंदाला पावणेदोन कोटी वेळा,
आणि ना आवाज, ना घाम.

डबीच्या बुडाशी ठोकलेला आकडा: ११२.

मरोळ. एमआयडीसीतला पत्र्याचा कारखाना.
त्र्याऐंशी साल.
घासणीच्या चाकापाशी मी, सतरा वर्षांची,
आणि मागे ऑलिव्ह मिस्किटाबाई,
गावठाणातून लुगडं नेसून चालत येणाऱ्या,
चष्म्याच्या काडीला दोरा.
त्यांनीच शिकवलं दगडाचं म्हातारपण.

घासताना अंगावर बारीक चिरा राहतात,
वर्षांनी त्यांची साल गळते,
दगड हलका होतो, सूर चढतो.
तारांचा ताण हळूहळू सैल पडतो,
जसा नवा जोडा पायाला सैल पडतो.
डाग नीट बसला नाही की डबी हवा पिते.
कुणी हावरटपणे वीज जास्त दिली
तर चकती तडकते, मग संपलंच,
ती जागी होत नाही.
"नि सूर उतरला, तर वर काहीतरी बसलंय, पोरी.
वजन वाढलंय. धूळ नाय,
धुळीपेक्षा लहान.
हात नको लावू. दगड इसरत नाय."

मीटर लावला.
सहा किलोहर्ट्झ खाली.

त्या आठवड्यात बोटांचे रबरी फुगे संपले होते
आणि माल शुक्रवारी जायचा होता.
मी डबीच्या आतल्या कडेला धरलं, एवढंच. चकतीला नाही.
तेवढं तेल पुरलं त्याला.
बंद डबीत, अंधारात, रेणू रेणू करत
ते कडेवरून दगडावर चालत गेलं.
मी लग्न केलं, विधवा झाले, हे दुकान टाकलं,
ते चालतच होतं.

टपक्यांना फोन केला. धाकट्याचा सेट कुठला?
"तुमच्याकडूनच की. दोन्ही एकदम घेतले होते."
म्हणजे तोही एकशे बारा.
म्हणजे दोघे भाऊ एकाच वेगानं, एकाच बाजूला
उतरत गेलेत,
म्हणून एकमेकांना नीट ऐकू येतात
आणि बाकी सगळं जग खरखरतं.

"मग याला वर ओढा ना," ते म्हणाले.
ओढते. नवा स्फटिक आहे ड्रॉवरमध्ये.
पण मग धाकटा ऐकू येणार नाही.
"तो बाहेर आहे," टपके म्हणाले. "शनिवारी येतो."
मग बराच वेळ फोनवर
फक्त बर्फ फोडायचा आवाज.

डाग द्यायची कढई तापलीय.
सेट अजून चालू, गच्चीवरच्या काठीला जोडलेला.
साडेसहाला त्यातून माणूस बोलला, स्वच्छ,
शेजारच्या खोलीतून बोलावा तसा:
"दादा? दादा, आहेस का?"

मी बटण दाबलं.
दादा नाही, म्हटलं.

"मग कोण? कुठली बोट?"

मी हाताकडे बघितलं.
उजवं. अंगठ्याजवळचं.