बाकी आठ रुपये

परतवाड्याच्या डेपोत धारणीची गाडी लागते
तेव्हा फलाटावरची कुत्री अजून गोल झोपलेली असतात.
मी चौथी सीट धरते, खिडकीची.
काच वर ढकलली तर खाली येते,
खाली ढकलली तर अडकते;
मार्गशीर्षातला गारठा अर्ध्या तिकिटात पूर्ण मिळतो.

"कुठलं देऊ?"
"आवळाफाटा."
वाहक काळमेघ माझ्या बुटांकडे पाहतात, मग काठीकडे.
"तिथं कोन हाये तुमचं?"
कोणी नाही.
"नुसता फाटा हाये बाई. आवळ्याचं झाड बी नाही."
बेचाळीस झाले. मी पन्नासची नोट दिली.
सुट्टे नव्हते. तिकिटाच्या पाठीवर त्यांनी
निळ्या पेनानं ८ लिहिला, भोवती गोल केला.
"चारची गाडी टेंभरूढाण्यावरून मीच आणतो.
हुकली त मंग मुक्कामच."

भूमी अभिलेखच्या कार्यालयात सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या बांधांच्या नकला काढल्या.
आमच्या कागदावर ही वाट तुटक रेघ आहे.
डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालतो,
तुटक रेघ सरळ अंगावर चढते.
दोन तुकड्यांमधल्या कोऱ्या जागेत काय असतं
ते बघायला महिन्यातून एक रविवार मी उतरते.

गाडी गेली. तीन वळणं तिचा आवाज पुरला.
मग सागाचं पान पडलं,
पापड मोडावा तसं.

कोऱ्या जागेत कुसळं असतात,
मोज्यातून टाचेपर्यंत पोचणारी.
सालईचा वास असतो, देवळात न गेलेल्या उदाचा.
एका मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांच्या रेघा होत्या,
अजून ओल्या.
मी मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणाले,
जो मला येत नाही.

खिंडीत समोरून फुलकाय जांबेकर आली.
एका हातात चपला, दुसऱ्या मनगटात
कुकरचं जुनं रबर, बांगडीसारखं.
माप दाखवायला. फाट्यावर बाजाराची जीप दोनला येते.
"कोणाच्या घरी चालली?"
कोणाच्याच नाही.
"मंग बैल हरवला का?"
नाही.
ती हसली नाही. थोडा वेळ माझ्यासाठी
तिनं खरंच एखादं कारण शोधलं.
मग म्हणाली, पाणी संपलं असेल.

ओढा कोरडा होता. तिनं वाळूत हातानं
वाटीएवढा खड्डा केला आणि आम्ही बसलो.
गढूळ आलं, ते उपसलं. पुन्हा आलं, उपसलं.
तिसऱ्यांदा तळातली वाळू दिसली.
"डा," ती म्हणाली. मी म्हणाले, "डा."
एवढीच कोरकू मला येते, पण त्या वेळी पुरली.
मी दोन संत्री दिली. तिनं एक पदराला बांधलं,
दुसरं सोलून अर्धं मला परत केलं.

उताराला माझा डावा गुडघा वेगळं बोलू लागला.
चार वाजले तेव्हा खाली रस्ता दिसत होता,
हात लावावा इतका जवळ,
आणि वाट अजून दोनदा उलटी वळत होती.

टेंभरूढाण्याला पोचले तेव्हा पावणेपाच.
गाडी उभी.
चालक एका धडधाकट चाकाला लाथा मारत होता.
एक म्हातारा खिडकीतून ओरडला,
"चाकाले काही नाही झालं, तुमच्यापायी थांबले!"
काळमेघ काही बोलले नाहीत.
पाचचं एक नाणं, एकाची तीन माझ्या हातावर ठेवली,
सकाळचं तिकीट मागून घेतलं
आणि ८ वर आडवी रेघ मारली.

"परतवाडा." अठ्ठेचाळीस.
आठ रुपये मुठीत गरम होत होते.
मी पन्नासची नोट दिली.

त्यांनी थैली हलवली. वाजली नाही.
माझ्या मुठीकडे त्यांनी एकदा पाहिलं
आणि कानामागचा निळा पेन काढला.