दहा मोजेपर्यंत

शमिकाला अडीच वर्षं झाली
तरी तिच्याकडे एकच अक्षर होतं: बा.
बा म्हणजे मी. बा म्हणजे बांगडो.
बा म्हणजे बाल्दी, बाय, बाहेर ने,
आणि कधी काहीच नाही, नुसतं तोंड उघडून बघणं
सर्जेकोटच्या बंदरात होड्या लागताना.

कान तपासले कुडाळला. कान चांगले.
मग अंगणवाडीच्या मोंडकरबाई घरी आल्या,
खळ्यात बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या,
"घरात बोलतं कोण?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.
बायको पहाटेच टोपली घेऊन मालवणच्या बाजारात.
मी गळ टाकणारा माणूस.
होडीत बोललं की मासा जातो
हे बापाने मला थोबाडीत देऊन शिकवलं होतं,
आणि ते घरी आल्यावरही मी कधी विसरलो नाही.
बोलायचा तो मोबाईल. इंग्रजी गाणी.
तिला आवडायची ती,
पण मोबाईल काही थांबून तिची वाट बघत नाही.

"हात जे करतात ते तोंडाने सांगा," बाई म्हणाल्या.
"आणि काही विचारलंत की थांबा. मनात दहा मोजा.
लगेच आपणच उत्तर देऊन मोकळे होऊ नका."

"पण कुठल्या भाषेत?" मी विचारलं.
"मेहुणी म्हणते, खंय-हयसर शिकवू नको, शाळेत हसतील."
बाई चपला घालत होत्या.
"ठेच लागली की तुमच्या तोंडात काय येता?
तीच."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालो.
ह्या जाळा. हयसर फाटला. कुर्ल्येन फाडल्यान.
आता बाबा तुणता. ही सुतळी. दातान तोडूची.
चार दिवसांत घसा बसला.
पलीकडून दिगंबर तांडेल ओरडला,
"काय रे, जाळ्याक गजाली सांगतंस?"
खरं तर मलाही कळत नव्हतं कोणाला सांगतोय.

ती बा म्हणाली की मी तिचे डोळे बघायचो, कुठे आहेत ते.
"होय, बाल्दी. बाल्दयेत पाणी. पाण्यात कोण आसा?"
एक. दोन. तीन.
सातवर माझी जीभ चुळबुळायला लागली.
आणि आठवलं, अरे, हे तर मला येतं.
बोटावर दोरी घेऊन तासन्‌तास बसलोय मी.
खाली काहीतरी येतं, हुंगतं, जातं, परत येतं,
त्या वेळी हिसका देतो तो मूर्ख.

नऊवर ती म्हणाली, "मा."

बाल्दीत मासा नव्हता. एक करटी तरंगत होती.
"होय, मासो," मी म्हटलं.
बायको आतून म्हणाली, "करटी ती!"
म्हटलं, असांदे, ती उद्या सांगू.

दिवाळीपर्यंत एकोणीस शब्द झाले.
बायको कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची.
त्यात एक शिवी होती. ती दिगंबरची.

काल ओहोटीला खाडी पार आटली.
आमची होडी चिखलात एका कुशीवर कलंडलेली,
शमिका माझ्या खांद्यावर,
आणि मी दमलेलो, काहीच सांगत नव्हतो.
तीच म्हणाली,
"व्हडी निजली."

हे मी शिकवलेलं नव्हतं.
मी सांगतो, व्हडी लागली, व्हडी सुटली,
व्हडयेक भोक पडला.
होडी निजते असं सर्जेकोटात कोणी म्हणत नाही.

मला काही सुचेना.
ती वरून वाकली, एक हात माझ्या कानावर ठेवून
माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
जराही घाई न करता.

किती मोजता येतं तिला, मला ठाऊक नाही.