पाच इंच मंगळवार

नेब्रास्कात, जिथे रस्ता संपता संपत नाही
आणि मक्याचे खुंट बर्फातून
दाढी न केलेल्या गालासारखे वर येतात,
आर्डिथ कोल्टरमन पहाटे पाचला उठते.
बस चालवायची नसली तरी उठते.
एकतीस वर्षांची सवय अंगाला अशी शिवलेली
की उसवायची म्हटली तर कातडीच निघेल.

कॉफी. खिडकीबाहेर थर्मामीटर : उणे एकोणीस.
मग बिस्किटांच्या डब्यातून चिंध्या
आणि पाच इंचांचा एक चौकोन.
रोज एक. जास्त नाही, कमी नाही,
दूधवाल्याने रतीब घालावा तसा.

नियम फ्रिजवर चिकटवलेत :
जेवणाआधी संपला पाहिजे.
कालचा उसवायचा नाही.
(तिसरा कॉफीच्या डागाखाली गेला,
तिलाही आता आठवत नाही.)

दोन जानेवारी : राखाडी लोकर, तिरकी. वारा.
नऊ : फाटक्या हातमोज्याचा अंगठा, जसाच्या तसा.
तेराला दातांच्या डॉक्टरकडे गेली होती,
तिथे नुसत्या गाठी आहेत, आठ,
करकचून आवळलेल्या.
फेब्रुवारीत बहिणीचा फोन आला तो दिवस म्हणजे
एकावर एक दोन कापडं, मध्ये टीपच नाही.
कडा तेवढ्या जुळवल्यात.

चर्चच्या तळघरात बायका मोठाल्या गोधड्या शिवतात,
टाक्याला टाका मोजून.
लोर्ना श्लेगल चौकोन उलटून पाहते,
मागच्या गाठी बघून ओठ मुडपते :
"एवढ्यात मांजरसुद्धा झाकणार नाही."
"मांजर गेलं गं माझं," आर्डिथ म्हणते
आणि सुईत दोरा ओवते. दुसऱ्या खेपेला जातो.

नात विचारते, हा नुसताच करडा, हे काय?
"मंगळवार."
"काय झालं होतं मंगळवारी?"
"काही नाही.
म्हणून तर दोनदा कापावा लागला."

एक रंग मात्र डब्याच्या तळाशी दडपलेला.
बसचा पिवळा.
निरोपाच्या दिवशी शाळेने टेबलावर अंथरलेलं
दीड वार कापड, कोपऱ्यात केकचा तेलकट डाग.
जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला,
कात्री त्याच्यापर्यंत जायची आणि परत यायची.

बारा मार्चला हीटर बंद पडला.
दुरुस्तीला आला टायरेल वोसिका,
सव्वासहा फूट, दाढी, नखांत ग्रीस.
वर येताना जिन्यात थांबला.
भिंतीवर एकाहत्तर चौकोन टाचलेले.
तो एकेक बघत राहिला, गर्दीत कुणाला शोधावं तसा.
"मिसेस कोल्टरमन, मी नऊ नंबरच्या रूटला होतो.
पहिला चढायचो, शेवटचा उतरायचो."
"माहीत आहे. डाव्या पायात उजवा बूट."
तो लाल झाला. दोन तास लागले होते,
पैसे एकाचेच घेतले.

दुसऱ्या दिवशी कात्री चालली.
पिवळा चौकोन, एक बाजू जरा वाकडी.
त्यावर जुन्या पडद्याचा झिरझिरीत तुकडा,
अंगठ्याएवढा, कडा न दुमडता :
खिडकीला गाल टेकून झोपलेल्या पोराच्या
श्वासाने काचेवर धरलेली वाफ.
वरच्या आरशात दिसायची तिला.
मोठी व्हायची, आटायची, मोठी व्हायची,
शेवटच्या फाटकापर्यंत पंचेचाळीस मिनिटं,
बाहेर सगळं पांढरं, रस्ता कुठला शेत कुठलं कळेना,
आणि ती हळू, आणखी हळू चालवायची.
झोप मोडू नये म्हणून.

जेवणाआधी झाला.
दोरा दाताने तोडला.
हे काय आहे, नातीला सांगितलं नाही.

चौदा मार्च : तपकिरी.
कॉफी सांडली, टेबल पुसलं, तेच फडकं घेतलं.
ओलं होतं, टाके सैल पडलेत.
राहू दे.