पिठातली पावलं

बाराव्याच्या रात्री शिवलकरांच्या माजघरात
परातभर तांदळाचं पीठ चाळून ठेवलं,
वर डालगं पालथं, बाजूला समई.
सकाळी पिठात जे उमटेल
तो वसंतशेटचा पुढचा जन्म.

मी अंगणात थांबले होते.
रोपांना पाणी घालायचं होतं, एवढंच.
तीस वर्षं त्यांच्याकडे कलमं बांधते,
माजघर आज पहिल्यांदा पाहिलं.
यमुनावहिनीच म्हणाल्या, "ये गो शालन, तुझी नजर बारीक."

परातीत तीन रेघा. मागे एक छोटी.
"पाखरू!" दीर म्हणाला.
"बगळा," नणंद म्हणाली, आणि रडली.
भटजींनी मान हलवली, योनी चांगली आहे.
खाली पूर्णगडच्या खाडीत
शाकारलेल्या होड्यांवर खरंच दोन बगळे होते,
कुणालाच ओळख न दाखवता.

मी बघत होते रेघांची टोकं.
पाखराचं नख पीठ उकरतं.
हे पीठ दाबलेलं होतं, गोल,
आणि एका टोकाशी बारीक आडवी चीर,
विळीवर कापलेल्या बोटाची.
त्या बोटावर होळीला हळद मीच दाबली होती.

चुलीशी वहिनी पुटपुटल्या,
"रात्री उठून बघितलं तर झुरळाची वाट होती गो.
चाळीस वर्षं संसार केलाय.
झुरळ कसा होऊ देऊ?"

हसायला आलं. मग आलं नाही.

आमच्यात पीठ मांडत नाहीत.
आई गेली तेव्हा विहारात मेणबत्त्या, त्रिशरण,
आणि तांबे गुरुजी म्हणाले,
आत्माबित्मा काही उडून जात नाही,
केलेलं तेवढं मागे राहतं.
मी विचारलं, मग आई कुठेय?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

माझ्या आजाचा जन्म मात्र पिठातच ठरला होता.
मागल्या जन्मीचं पाप, म्हणे.
खोताच्या पडवीखाली पागोळ्या अंगावर घेत
त्यानं ते ऐकलं,
आणि खरं मानलं.
कुणाचं होतं ते बोट?
कुठल्या रात्री डालगं उचलून
कुणी ओढल्या त्या रेघा,
ज्या सकाळी सगळ्या गावाला पावलं वाटल्या?

वहिनींचं बोट मायेचं होतं.
मायेनंही असं करता येतं हे आज कळलं,
आणि त्याचाच राग आला.

जाण्याच्या आदल्या दिवशी वसंतशेटनी
जुन्या हापूसच्या शेंड्यांची पानं खुडून ठेवली होती.
पानं खुडली की दहा-बारा दिवसांत डोळा फुगतो,
मगच काडी कापायची.
आज डोळे फुगले होते. वेळेवर.
खुडणारा हात नव्हता, फुगणं होतं.

रायवळच्या कोयीचा तांबूस कोंब छाटला,
मधे चीर दिली, काडीची पाचर बसवली,
पट्टी गुंडाळली.
फळ हापूसचं म्हणतील.
खालची मुळं रायवळची,
ती कुणी विचारत नाही.

संध्याकाळी वहिनी शेडमध्ये आल्या.
"किती झाली?"
"चाळीस. जगतील किती ते महिन्यानं कळेल."
त्या गोणपाटावर बसल्या, पट्ट्या कापू लागल्या,
नखात अजून पीठ.
"त्या पिठाचं काय केलंत?"
"खाडीत सोडलं," म्हणाल्या.
"मासे टपलेलेच होते.
पावलासकट खाल्लं."