केझाया, वय सतरा

तिमारूहून निघताना बहिणीने विचारलं,
सापडलाच तो, तर काय करणार आहेस त्याचं?
काही नाही, म्हटलं. नाव लिहीन.
वडिलांनी काढलेल्या वंशवृक्षात
एक फांदी हवेतच सुरू होते,
पेन्सिलीने काढलेली, तीनदा खोडलेली.
कागद तिथे इतका झिजलाय
की खिडकीशी धरला तर उजेड आरपार येतो.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
लिंकनशरच्या या सपाटीत तर नदीच खणलेली.
दलदल उपसायला काढलेले सरळसोट पाट,
पाणी शेतांहून उंच, बांधाच्या खांद्यावरून चाललेलं.
आमची माणसं हेच करायची. फावडं, गुडघाभर गाळ,
आणि हिवाळ्यात हिवताप.

चर्चची चावी मिसेस ऑडलिंगकडे असते.
"तिकडचे तुम्ही सगळे एप्रिलातच कसे येता,
मेंढ्या विकून झाल्या की?" म्हणत
तिने किटली ठेवली, वही पुढे सरकवली.

सन १८४६, मार्च. बाप्तिस्मा.
जोसाया. आई ड्रुसिला थर्लबी.
बाप एनॉक थर्लबी, मजूर.

एवढं सुबक, एवढं काळंभोर अक्षर.
मी कोऱ्या रकान्याची तयारी करून आले होते,
हा तर भरलेला निघाला.
मग दफनांची वही उघडली.
एनॉक थर्लबी, नोव्हेंबर १८४४.
दोन हिवाळे आधीच मातीखाली.
आणि ड्रुसिला? बावन्न वर्षांची.
कारकून पेंगत होता की दयाळू होता,
शाईवरून कळत नाही.

घरात आणखी एकच बाई होती.
थोरली मुलगी केझाया, वय सतरा,
गॅरडांच्या पवनचक्कीवर पोती शिवायला जाणारी.

मला आजोबा आठवले.
ते सांगायचे, सत्तरीतली केझाया आत्या
पन्नाशी उलटलेल्या भावाचा चहा
बशीत ओतून फुंकून द्यायची.
आणि तो, चार मुलांचा बाप,
मुकाट्याने थांबायचा.
आम्ही हसायचो त्या गोष्टीला.

१८६३च्या जहाजाच्या यादीत दोघं एका ओळीत आहेत.
केझाया, चौतीस, अविवाहित. सोबत भाऊ, सतरा.
तीन महिने समुद्रावर,
ओळखीचं एकही माणूस नाही,
आणि तरीही भाऊच.

बाप? त्यासाठी नळीत थुंकून पाठवलं होतं मी.
उत्तरादाखल ॲडलेडची एक दंतवैद्य आली,
नाताळमधली एक विधवा,
सस्कॅचवानचा एक ट्रकवाला, ज्याचे कान माझ्या वडिलांचे.
सगळे गॅरडांचे.
पण गॅरड भाऊ चार होते त्या चक्कीवर,
तिघे पुढे जहाजांनी तीन दिशांना गेले.
रक्त घरापर्यंत आणून सोडतं.
आतून कडी कोणी काढली ते सांगत नाही.

संध्याकाळी चक्कीपाशी गेले.
पंखे कधीच उतरलेत. वर टीव्हीची तबकडी,
दाराशी कुणाच्या तरी मुलांचे लाल गमबूट.
तिने हाक मारली असती तर ऐकू गेली असती का?
की हाक मारण्यासारखं काही नव्हतंच,
तिला तो आवडायचा, चौघांतला कुठलातरी?
हेही मला माहीत नाही. वाऱ्यात उभी राहिले थोडी.

खोलीवर येऊन वडिलांचा कागद पसरला.
बापाच्या जागी चार नावं मावत नव्हती.
"चक्की" असं लिहिलं.
मग केझाया आणि जोसायामधली
भावाबहिणीची आडवी रेघ खोडली,
आणि तिच्यापासून त्याच्यापर्यंत
उभी ओढली. हात जरा थरथरला.

तिचा दगड आमच्या टेकडीवर आहे.
"जोसायाची", आणि पुढे वीतभर
छिन्नीने सपाट केलेली जागा, मग "बहीण".
गवंडी चुकला असेल, असं सगळे म्हणत आले.
मी बहिणीला लिहिलं, जा, आणि त्या जागेवर बोटं फिरवून बघ,
खाली काही अक्षर लागतंय का.

तिचं उत्तर आलं:
इथे मध्यरात्र आहे ग. सकाळी जाते.