सतरावी ओळ

ताम्पेरेत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
इर्मेलीच्या पडद्यावर लिफ्टचा ब्रॅकेट झिजतो आहे:
जिथवर भार पोचत नाही तिथलं लोखंड
प्रोग्रॅम खात जातो,
किडीनं पान खावं तसं, शिरा तेवढ्या सोडून.

सव्वादोनशे ग्रॅम वाचले. एक बोल्टही.

मग दुसरं कोष्टक: कोणाकडून किती घ्यायचं.
सतराव्या ओळीत शून्य.

सतरावी ओळ म्हणजे ओरिवेसीजवळची पत्र्याची शेड,
दोन लेथ, म्हातारा तौनो आणि त्याची मेहुणी.
गेल्या हिवाळ्यात ती मोजमापं घ्यायला गेली होती.
त्यानं बोल्ट तिच्या तळहातावर ठेवला, अजून कोमट,
म्हणाला, "आटे मोजू नकोस, फिरवून बघ."
ती फिरवत बसली
कॉफी निवेपर्यंत.

आता ती एक अट वाढवते:
सतराव्याकडून निदान चार हजार नग.
यंत्र कुरकुरत नाही, नुसती किंमत सांगतं.
नगामागे चौदा सेंट.
गणितात याला छायामूल्य म्हणतात.

सोमवारी हे मंडळापुढे मांडायचं.
बाहेर बर्फ हटवणारी गाडी मागे येताना ओरडते आहे.
चौदा सेंट, ती मोठ्यानं म्हणून बघते.
पुन्हा एकदा, जरा कमी अजिजीनं.