सूर्य पाठीशी असताना

डॉक्टर विचारतात, फार उन्हात काम केलंय का यांनी?
राजारामपुरीतल्या त्या गार खोलीत
मी नुसतं हो म्हणते.
अकरा वर्षं, हे सांगत नाही.
सांगत नाही की नकाशात जिथं किनाऱ्याची रेघ तुटक असते
तिथं अजून कुणी नीट पाहिलेलं नसतं,
आणि आम्ही तिथंच जायचो.

गुजरीत माझा साज मोडला, त्याचं शीड आलं.
म्हणून होडीचं नाव साज.
नांगर उद्यमनगरातला, बळवंतनं स्वतः ठोकलेला,
भट्टीवरची पोरं हसली होती :
मामा, रंकाळ्यात टाकणार काय?

प्रवाळातून आत शिरायचं तर सूर्य पाठीशी हवा.
दुपार कलली की बाहेरच थांबायचं, रात्रभर, डुचमळत.
मी नाळेवर उभी, तो सुकाणूवर,
मधे तीस फूट वारा, शब्द खाणारा.
म्हणून हात.
उजवा आडवा : उजवीकडे.
मूठ : थांब.
दोन्ही तळवे खाली, तव्याची धग बघावी तसे : सावकाश.
निळं पाणी खोल, पोपटी म्हणजे वाळू,
तपकिरी दिसलं की पोटात गोळा.
भांडणंसुद्धा आम्ही हातांनीच केली.

मग नांगर पडायचा, साखळीचा खडखडाट थांबायचा,
आणि काहीच नसायचं.
एक उंट. त्याची सावली. दूर टेकड्या, भाजलेल्या विटांच्या रंगाच्या.
दोरखंडांवर तांबडी धूळ, चहात धूळ, उशीत धूळ.
दोनशे लिटर पाणी, चाळीस दिवस.
भांडी समुद्रात, तोंड वाटीभरात,
केस पुढच्या बंदरात.
एकदा एक मेंढपाळ पोरगा पोहत आला,
मी त्याला गुळाचा खडा दिला, शिरोळकडचा.
त्यानं तो आधी उन्हात धरून पाहिला,
आरपार.

रेडिओवर मी म्हणायची, आता आत येतो, थांबा.
जहाजावरचा रत्नागिरीचा खलाशी म्हणाला,
भाऊ, आवाज फारच बारीक हो तुमचा.
कोल्हापूरची बाई आहे, म्हटलं,
आम्ही येतो, जातो, आणि जेवतोसुद्धा.
तो हसला असावा. खरखर आली फक्त.

आता शेजारच्या काकी सकाळी पाईप लावून गल्ली धुतात
आणि मी खिडकीत उभी राहून मोजते :
सहा दिवस. नऊ दिवस. आमचे पंधरा दिवस गेले गटारात.
स्कूटरवर मागं बसून मी अजून हात करते,
महाद्वार रोडला, खड्डा दिसला की,
लोकांना वाटतं कुणाला तरी बोलावते.

आज त्याच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी
आणि डाव्यात अजून धुकं.
दवाखान्याच्या पायऱ्या उतरून मी दोन पावलं पुढं,
सवयीनं मूठ वर केली.
तो चालतच राहिला.
लावलेल्या मोटरसायकलवर गुडघा आपटला त्याचा,
आरसा वाकडा झाला.

कळलंच नाही मला, आता काय करायचं.
संसाराची सगळी भाषा हातात,
आणि बघणारा डोळा पट्टीखाली.
मग घसा खाकरून म्हटलं,
डावीकडे, बळवंत. पायरी आहे. सावकाश.
तो थांबला, मान तिरकी करून,
कुणी अनोळखी बोलल्यासारखा.
म्हणाला, वारा नसताना असा आवाज आहे होय तुझा.

रात्री दोनला जाग आली त्याला, नेहमीसारखी.
सरकलोय का गं?
मी उठून खिडकीतून पाहिलं.
टाकीवरचा दिवा आणि घोटण्यांच्या गच्चीचा खांब
अजून एका रेषेत.
अंधारात अंगठा वर केला.
मग आठवलं,
आणि म्हटलं, नाही.